ब्रेक वाजतात? चाक खोलण्याआधीची तयारी

आधी आवाज नीट ऐका. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, गंज धरतो. सकाळी दोन-चारदा ब्रेक दाबला की तो आवाज जातो. त्यासाठी काहीच खोलायचं नाही. रोजच चीं-चीं होत असेल तर पॅडवर (ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणाऱ्या पट्ट्यांवर) धूळ बसलेली असते, पॅड घासून गुळगुळीत झालेले असतात किंवा झिजल्यामुळे त्यांची इशारा देणारी पत्री डिस्कला लागत असते. लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा आवाज असेल तर गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

मग जागा बघा. मराठवाड्यात माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथंच घ्यावी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नका. वरून माती कितीही टणक दिसो, वजन पडलं की जॅक रुततो, तिरपा होतो. शहाबादी फरशी खालून पोकळ असली तर तडकते. सपाट काँक्रीटच हवं. पुढचं चाक काढायचं तर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. उचललेल्या गाडीला खालून आधार देणारा स्टँड नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून मागून आणा, तोवर काम थांबू द्या. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे डब्यासारखा बंद ब्रेक, असेल तर पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं तो उघडू नये.

सामान आदल्या दिवशीच आणा. ब्रेक क्लीनर, पॉलिश पेपर, कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) टांगायला तार (तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळता कामा नये), कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागं सारायला सी-क्लॅम्प (सी आकाराचा स्क्रूचा शिकंजा) आणि मास्क. ब्रेकची धूळ फुंकू नका, हवाही मारू नका, ती फुफ्फुसात जाते. ग्रीस खास ब्रेकचंच, उष्णता सोसणारं घ्या. ते पॅडच्या पाठीला लावायचं, घासणाऱ्या बाजूला अजिबात नाही. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच आणा, डॉट ३ किंवा डॉट ४. पॅड ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदला.

उन्हाळ्यात हे काम सकाळी, डिस्क थंड असताना करा. चाकं बसली की गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. तुळजापूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरायचा असेल तर हे सगळं आठवडाभर आधी उरका. नवे पॅड डिस्कवर बसायला गाडी थोडी चालावी लागते.