पावसाळ्यात गाडीला येणारा कुबट वास
कुबट वासावर अत्तराची बाटली टांगू नका. दोन्ही वास मिसळून डोकंच उठतं. मॅट उचलून खालचं कार्पेट तळव्याने दाबून बघा. वरून कोरडं असलं तरी आतला फोम पाणी धरून ठेवतो. ऊन नसेल तर रद्दी पेपर दाबून ठेवा, भिजले की बदला. सुकल्यावर खायचा सोडा रात्रभर भुरभुरवून ठेवा, सकाळी व्हॅक्युमने ओढा. ओल फक्त ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी असेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी बहुधा तुंबलेली असते. ती आधी साफ करून घ्या, नाहीतर सोड्याचे डबे संपतील. एसी लावताच वास येतो? केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बघा. शिवाय घर यायच्या 5 मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, हवा थंड करणारी आतली ओली कॉइल सुकते.