लघवी कंट्रोल होत नाही, पण वास तरी आवरता येतो

आईला दोन वर्षं हा त्रास आहे, त्यामुळे हे सगळं करून बघितलेलं सांगतेय. ताज्या लघवीला फारसा वास नसतोच, ती कापडात मुरली की बॅक्टेरिया त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि मग तो डोळ्यात जाणारा वास सुटतो, म्हणजे खरी शर्यत वेळेशी. पॅड ओला झाला की लगेच बदला, आणि पाळीचे पॅड वापरू नका, ते लघवीसाठी नसतातच.

आई आधी पाणीच कमी प्यायची, कपडे ओले होतील म्हणून. उलटंच झालं, लघवी गडद पिवळी आणि वास दुप्पट! डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं प्यायचं, झोपायच्या आधी कमी.

कपडे धुण्याआधी अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर टाकून तासभर भिजवा, मग नेहमीची पावडर आणि कडक ऊन. ब्लीच मात्र व्हिनेगरमध्ये किंवा लघवीवर अजिबात नको, विषारी वायू होतो. गादीवर चादरीखाली मेणकापड घाला, डाग पडलाच तर टिपून घ्या, घासू नका, वर खायचा सोडा रात्रभर ठेवून सकाळी झाडून काढा. उदबत्तीने काही होत नाही, दोन वास एकत्र येतात बस.

अंग कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायचं. वास अचानक वाढला, जळजळ किंवा ताप आला तर इन्फेक्शन असू शकतं, युरिन टेस्ट करा.