सेदोव्हची चाचणी: उतार नको, आकडा सांग

सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन मी एम.एस्सी.चा प्रोजेक्ट केला. वायूच्या प्रवाहाची समीकरणं सोडवणारा कोड स्वतः लिहायचा आणि तो बरोबर चालतो हे दाखवायचं. लिहायला दोन महिने लागले, पडताळायला चार. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला त्या चार महिन्यांबद्दलच सांगायचंय.

सुरुवात सॉडच्या नळीपासून करा. १९७८ची ही एकमितीय चाचणी साध्या लॅपटॉपवरही चटकन होते. डावीकडे घनता १, दाब १; उजवीकडे घनता ०.१२५, दाब ०.१, मधला पडदा काढायचा. गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर) १.४ असेल तर मधल्या पट्ट्यात दाब ०.३०३ आणि वेग ०.९२७ यायलाच हवा. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग सेदोव्हची चाचणी, स्फोटाची. एकसारख्या थंड वायूत एका बिंदूपाशी ऊर्जा सोडायची. शॉक, म्हणजे दाब आणि घनता जिथे एकदम उडी घेतात ती लाट, गोलाकार पसरतो आणि त्याची त्रिज्या काळाच्या २/५ घाताने वाढते. गॅमा १.४, बाहेरची घनता १ आणि ऊर्जा ०.८५१०७२ घेतली, की काळ १ला शॉक बरोबर त्रिज्या १वर असतो. ऊर्जेचा तो विचित्र आकडा त्यासाठीच निवडलेला आहे.

मी त्रिमितीत केलं. सममिती असल्यामुळे गोलाचा आठवा भागच घेतला आणि ग्रिडच्या, म्हणजे जागेचे छोटे ठोकळे (सेल) पाडून केलेल्या जाळीच्या, कोपऱ्यात ऊर्जा ठेवली. शॉक अगदी गोल आला. लॉग-लॉग आलेखाचा उतार ०.४. आनंदात सरांकडे गेले.

"काळ ०.५ला त्रिज्या किती?"

"सर, उतार बरोबर आलाय."

"उतार नको, आकडा सांग."

यायला हवी होती ०.७५८. माझी होती १.१४९.

पावसाळ्यात सांगलीत "नदीला पाणी वाढलंय" एवढ्यावर कुणाचं भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "आयर्विन पुलाला किती फूट?" ४०ला इशारा, ४५ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. कोडलाही हाच प्रश्न विचारायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

चूक सूत्रानेच दाखवली. बाकी सगळं तेच असेल तर ऊर्जा त्रिज्येच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असते. दोन त्रिज्यांचं गुणोत्तर १.५१६, त्याचा पाचवा घात आठ! आठव्या भागात मी अख्ख्या गोलाची ऊर्जा ओतली होती. जेफ्री टेलर यांनी १९४५च्या ट्रिनिटी अणुचाचणीच्या फोटोंतली त्रिज्या मोजून स्फोटाची ऊर्जा काढली आणि ते काम १९५०मध्ये छापलं, रीत हीच. उतार मात्र ऊर्जा कितीही घातली तरी ०.४च येतो, आणि शॉकवर घनता किती पट होणार हे फक्त गॅमावर ठरतं. त्यामुळे या दोन्हींच्या भरवशावर मी बसले असते तर ही चूक कधीच सापडली नसती.

घनतेबद्दल एक सांगते. शॉकमागे ती सहापट हवी, पण जाड्या ग्रिडवर शिखर सहाच्या बरंच खाली राहतं, कारण ते फार अरुंद असतं. घाबरू नका, प्रत्येक दिशेने सेलची संख्या दुप्पट करून पुन्हा चालवा. शिखर वर सरकायला हवं. एकूण चूकही मोजा. इथे ती फार तर निम्मी होईल, तुमची पद्धत दुसऱ्या क्रमाची (सेलचा आकार निम्मा केला की चूक पाव होणारी) असली तरी, कारण शॉकपाशी तो क्रम टिकत नाही. क्रम तपासायला शॉक नसलेला गुळगुळीत प्रवाह वेगळा घ्या. माझा यात एक आठवडा गेला.

शेवटी नोहची चाचणी, १९८७ची. चहूबाजूंनी वायू केंद्राकडे धावतो आणि गॅमा ५/३ असताना शॉकमागची घनता सुरुवातीच्या ६४पट होते. बऱ्याच कोडमध्ये अगदी केंद्रापाशी वायू जास्त तापतो आणि घनतेत खड्डा पडतो. माझ्याही कोडमध्ये तो पडला. ग्रिड बारीक केल्यावर अरुंद झाला, पण गेला नाही. अहवालात तो आलेख मी पहिल्या पानावर लावला.