गावात कॅन्सर तपासणी शिबिर घ्यायचं असेल तर

दोनशे बायकांची तपासणी, उद्घाटनाचा फोटो आणि पेपरात चार ओळी, एवढं कुठलंही मंडळ एका रविवारात उरकतं. त्या दोनशेतल्या ज्या पंधरा जणींना ‘पुढे दाखवून घ्या’ म्हणून सांगितलं, त्यातल्या किती खरोखर गेल्या, हे सहा महिन्यांनी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. शिबिराचा उपयोग झाला की नाही, ते या पंधरा जणींवर ठरतं. म्हणून तारीख धरण्याआधी चार गोष्टी ठरवा: संशयित निघालेली बाई कुठे जाणार, तिथे तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी असतात, बायोप्सी (संशयित जागेचा छोटा तुकडा काढून तपासणं) तिथेच होते का, आणि तिच्यासोबत कोण जाणार. ही उत्तरं हातात नसतील तर शिबिर पुढे ढकला.

कोणती तपासणी

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटात तीन कॅन्सर बघतात: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. तोंडाची तपासणी पुरुषांचीही करायची असते, पण शिबिराला ‘महिला आरोग्य’ नाव दिलं की ते फिरकत नाहीत. तोंड आणि स्तन तपासायला डोळे, बोटं आणि उजेड पुरतो. निवड करावी लागते ती गर्भाशयमुखाच्या तपासणीत. एक ‘व्हाया’, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं. दुसरी एचपीव्ही चाचणी, म्हणजे स्राव घेऊन प्रयोगशाळेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू शोधणं.

कोणती किती कामाची, याचा पुरावा आपल्याच भागातून आला आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तरी पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हायाने मात्र मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने हीच व्हाया दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केली. तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एचपीव्ही चाचणीची सोय होत असेल तर तीच घ्या. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच सुटतो. निकाल मात्र नंतर येतो, म्हणून फोन नंबर आणि पत्ता पक्का हवा. व्हायाच करणार असाल, तर पुढच्या फेरीची तारीख पहिल्याच बैठकीत धरा.

तारीख, वेळ आणि निरोप

बीड, धाराशिव, सोलापूरकडच्या गावांत दिवाळीनंतर शिबिर घेतलं, तर ऊसतोडीला गेलेल्या बायका हमखास सुटतात. मिश्री, कष्ट, लहान वयातली बाळंतपणं, सगळं ज्यांच्या वाट्याला आलेलं असतं त्याच नेमक्या गावात नसतात. टोळ्या निघण्याआधी किंवा गुढीपाडव्यानंतर त्या परतल्यावर घ्या. ज्वारीची काढणी चालू असताना आणि बाजाराच्या वारी घेऊ नका.

आशाताईंनी तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सरकारी सीबॅक फॉर्म (सवयी आणि लक्षणं विचारून धोक्याचे गुण देणारा) भरलेला असतो. त्यावरून यादी करा, पण गुण कमी आले म्हणून कोणाला वगळू नका. भोंग्यावरून गर्भाशयाचं काही पुकारू नका. ते घरी जाऊन सांगायचं काम आहे आणि ते आधी सासूला सांगायचं. सासूची तपासणी पहिल्या दिवशी झाली की सुना आपोआप येतात.

निरोप देणारीने तीन लक्षणं न चुकता सांगावीत: पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, आणि वास येणारं पांढरं पाणी जाणं. ही असतील तर शिबिराची वाट न बघता थेट रुग्णालयात जायचं. घरोघरच्या अशा बोलण्याला वजन असतं. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्ण शोधायला गावोगाव जाणारे कार्यकर्ते बैठका घेऊन लक्षणंही समजावत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्याचं त्याच नोंदींत दिसलं.

साहित्य

व्हायासाठी एका खोलीत, एका प्रशिक्षित नर्सकडून दिवसाला २५ ते ३० जणी नीट तपासून होतात. साठ जणींची रांग लावली तर शेवटच्या तीस जणींची तपासणी नावापुरती होते. शाळेच्या वर्गापेक्षा उपकेंद्र बरं. तिथे पाणी आणि संडास असतो, आणि खिडक्यांवर पोरं चढत नाहीत. टेबलाचा पायथा दाराकडे येऊ देऊ नका.

स्पेक्युलम, म्हणजे गर्भाशयमुख दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा धरणारं धातूचं साधन, निदान तीस हवेत. वापरलेला आधी ०.५ टक्का क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा. हे पाणी म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. जास्त वेळ ठेवला तर धातू गंजतो. मग साबणाने घासून, झाकण ठेवून उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. उकळी फुटल्यापासून मोजा.

ॲसिटिक ॲसिड पाच टक्के लागतं: १९० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. तीस जणींना एवढं पुरतं. मूळ ॲसिड तसंच लागलं तर ऊतक भाजतं, म्हणून पातळ केलेल्या बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावा आणि मूळ बाटली त्या खोलीत ठेवूच नका. रोज ताजं करा, उरलेलं संध्याकाळी ओतून द्या. कालचं उघडं राहिलेलं द्रावण फिकं पडतं आणि खराब जागाही पांढरी दिसत नाही.

उजेडासाठी हॅलोजन किंवा चांगला पांढरा एलईडी दिवा. पिवळा बल्ब किंवा मोबाइलची बॅटरी चालत नाही. वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टरची सोय आधीच बघा.

तोंड तपासताना

पहिला प्रश्नच बहुतेक ठिकाणी चुकतो. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की बाई सरळ नाही म्हणते, आणि ते तिच्या दृष्टीने खरं असतं. ‘दाताला काय लावता? मिश्री? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा. पुरुषांना चुना-तंबाखू, मावा, गुटखा, विदर्भात खर्रा असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि विडा कोणत्या गालात धरतात तेही. त्याच जागी जास्त वेळ बघायचं.

चूळ भरायला लावा, कवळी काढायला सांगा. ओठ आतून उलटवून, मग दोन्ही गाल, हिरड्या आणि गाल यांमधली खाच, टाळू, जिभेच्या कडा, जिभेखाली. जीभ गॉजने धरून दोन्ही बाजूंना ओढून बघावी लागते, नुसतं ‘आ करा’ म्हणून कडा दिसत नाहीत. मग हातमोजा घालून बोट फिरवा आणि मानेतल्या गाठी चाचपा. शेवटी रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघा. जात नसतील आणि तिखट झोंबत असेल, तर गुटखा-सुपारीने आतली कातडी आखडू लागली आहे.

न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक लागणारी जागा: यातलं काहीही दिसलं की पुढे पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा धोक्याचा. चुन्याने भाजलेली जागाही पांढरी दिसते. शंका असेल तर तंबाखू बंद करायला सांगून दोन आठवड्यांनी बोलवा, आणि ती तारीख वहीत लिहा. सोडायची तयारी असेल त्याला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर तिथेच लावून द्या.

व्हाया करताना

पाळी चालू असलेल्या, गरोदर आणि बाळंत होऊन बारा आठवडे न झालेल्या बायकांना पुढची तारीख द्या. पिशवी काढलेल्या बाईला गर्भाशयमुखही काढलं आहे का, ते कागदावर बघा. मराठवाड्यात तरुण वयात पिशवी काढलेल्या बायका बऱ्याच आहेत. ‘माझी पिशवीच नाही, मग मी कशाला येऊ?’ असं त्या म्हणतात. तोंड आणि स्तन तपासायचे असतातच, हे त्यांना सांगून आणा.

चिकट स्राव सलाइनच्या बोळ्याने टिपून घ्या, मग ॲसिडचा भिजलेला बोळा गर्भाशयमुखावर धरा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा. सगळ्यात जास्त चुका या मिनिटात होतात. बाई अवघडलेली असते, बाहेर रांग असते, आणि वीस सेकंदांत ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. गर्भाशयमुखाच्या आतल्या आणि बाहेरच्या आवरणाची जी सीमा असते, तिला चिकटून दाट, पांढराफटक, स्पष्ट कडांचा डाग उठला तर पॉझिटिव्ह. सीमेपासून दूर फिकट पांढरी छटा आली तर नाही. पन्नाशीनंतर ही सीमा आत सरकते आणि दिसतच नाही. तेव्हा ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘सीमा दिसली नाही’ लिहा आणि एचपीव्हीसाठी पाठवा. शंभरात तीस-चाळीस पॉझिटिव्ह निघू लागल्या, तर गावात कॅन्सरची साथ आलेली नाही, तपासणारीला पुन्हा प्रशिक्षण हवं.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. हे वाक्य बाईच्या कानावर तिथेच, दार लावून, एकटीला पडलं पाहिजे. बहुतेकींना कॉल्पोस्कोपीनंतर, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघितल्यावर, काहीच लागत नाही. काहींना पूर्वावस्थेतली जागा उष्णतेने जाळून टाकावी लागते, त्यासाठी बहुधा भरती व्हावं लागत नाही.

स्तनांची तपासणी बसवून आणि झोपवून, दोन्ही प्रकारे करा. काखही बघा. गाठ दुखत नाही म्हणून बायका थांबतात, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आत ओढलेलं बोंड, रक्ताचा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांना तातडीने पाठवा.

नोंदवही

एक जाड वही, एकच माणूस जबाबदार. रकाने असे: नाव, वय, दोन फोन नंबर (एक माहेरचा किंवा शेजारचा), कोणत्या तपासणीत काय दिसलं, कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला जायचं, प्रत्यक्ष कधी गेली, बायोप्सीचा निकाल, उपचार कुठे सुरू, आजची स्थिती. ‘गेली का?’ हे फोनवर विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’ येतं. केसपेपर बघून लिहा. पहिला पाठपुरावा सातव्या दिवशी, मग पंधरवड्याला. ऊसतोडीला गेलेली असेल तर कारखान्याचं नाव लिहून ठेवा, तिथल्या जवळच्या रुग्णालयातही सोय करता येते.

वही कुलपात राहील. सरपंच, देणगीदार, पत्रकार यांना नावं दिसता कामा नयेत. या नोंदींवर कोणाला अभ्यास करायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकीची वेगळी लेखी संमती लागते. तपासणीच्या फॉर्मवरची सही त्यासाठी चालत नाही.

पोरींची लस

आयांसोबत येणाऱ्या ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्ही लसीची माहिती इथेच द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. एक डोसही चांगलं संरक्षण देतो याचा मोठा पुरावा भारतातल्याच अभ्यासातून आला, बार्शी त्यातलं एक केंद्र होतं. २०१० साली सरकारने लसीकरण थांबवल्याने अनेक मुलींना एकच डोस मिळाला होता, पुढे त्यांच्याकडे बघूनच ते कळलं. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही.

निदान झालं, आता

बायोप्सी जिथे झाली तिथून नुसता रिपोर्ट आणू नका. मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. मोठं रुग्णालय त्या पुन्हा तपासतं, आणि त्या नसतील तर दुसरी फेरी पडते. कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

आधार आणि रेशनकार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्याच रुग्णालयात. अर्ज अडतो तो बहुतेकदा नावातल्या एका वेलांटीवर. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा, पैसे भरून नंतर परतावा मागायला जाऊ नका. चौकशीचा नंबर १५५३८८.

रेल्वेत कर्करोग्याला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा सवलत फॉर्म घेऊन तिकीट खिडकीवर जावं लागतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं, आणि आतल्या रेडिएशनसकट सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. मध्ये खंड पडला की आजार परतण्याचा धोका वाढतो. रोज गावाहून ये-जा करणारी बाई तिसऱ्या आठवड्यात थकते आणि घरी बसते. राहायची जागा उपचाराआधी ठरवा. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती अशा सोयी आहेत, जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा.

केमो सुरू असेल त्या घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला की त्याच वेळी रुग्णालयात जायचं, गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री कोणाची गाडी मिळेल आणि वॉर्डचा नंबर काय, ते केमोच्या आदल्या दिवशी ठरवून ठळक अक्षरात भिंतीवर लावून ठेवा.