माळ्यावरची ट्रंक उतरवताना

साठी-सत्तरी ओलांडलेली भावंडं आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक. आत साभार परत आलेल्या कथा, रंगमंचावर न आलेल्या नाटकाची वही, आकाशवाणीच्या स्वरचाचणीत नापास झाल्याचं पत्र, नाट्यपदांच्या कॅसेटी. कोकणातल्या कितीतरी घरांत ती असते आणि तिचा विषय कुणी काढत नाही. ही ट्रंक एकट्याने उघडू नये. एकटा माणूस वरचंच पत्र वाचतो आणि झाकण लावून टाकतो.

गणपतीत हात लावू नका. घर भरलेलं असतं आणि कागद पावसाने ओलावलेले असतात. दिवाळी झाली की हवा कोरडी होते, आंब्या-काजूची धांदल अजून लांब असते, तेव्हा काढा. कागद पडवीत सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस पसरा. थेट उन्हात शाई उडते. चिकटलेली पानं ओढू नका, वही उभी करून पानं पंख्यासारखी मोकळी ठेवा. बुरशी असेल तर नाकाला रुमाल बांधून बाहेर खळ्यात मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने ती कागदात मुरते. गंजलेल्या टाचण्या उपसू नका, उलट्या बाजूने वाकवून सोडवा. पांढरे ठिपके आलेली कॅसेट यंत्रात घालू नका. बाकीच्या कॅसेटी वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत आणि परत गुंडाळून घ्या, नाहीतर चिकटलेली फीत तुटते. साठ मिनिटांची कॅसेट मोबाईलवर घ्यायला साठच मिनिटं लागतात, तेव्हा दिवसाला एक पुरे.

आता मुख्य काम. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक कागदाची नोंद करा: काय, कुणाचं, कोणत्या साली, कुठे पाठवलं, उत्तर काय आलं. ढीग तीन करा. साभार परत आलेलं, उत्तरच न आलेलं आणि पाठवलंच नाही असं. तिसऱ्या ढिगाकडे नीट बघा. "मला सगळ्यांनी नाकारलं" असं आयुष्यभर मनात धरलेल्या माणसाचा हा ढीग बरेचदा सर्वांत जाड निघतो. ते दुःख नकाराचं नसून न मिळालेल्या वेळाचं असतं, आणि त्याच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलावं लागतं. पहिल्या ढिगात तारखाही बघा. दिवाळी अंकासाठी गणपतीत पाठवलेली कथा परत आली असेल, तर बहुधा अंक तोवर भरलेला होता.

दिवसाला दीड तास, दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागणीपर्यंत. त्यापुढे थकवा येतो आणि जुने हिशेब निघतात. "तुला काय, तू मुंबईला गेलास, आईचं आणि बागेचं मी बघितलं" हे वाक्य येणारच. त्याला तिथेच उत्तर देऊ नका, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. खरं असेल तर दुसऱ्या दिवशी ते मान्य करा. "जाऊ दे ना ताई" म्हणून ते मिटत नाही. एकमेकांचं गाठोडं न विचारता सोडू नका. एकमेकांचं वाचून दाखवा, पण "छान आहे" एवढ्यावर थांबू नका. भावंडाला खोटी स्तुती लगेच कळते. कोणता परिच्छेद उतरला, कुठे कंटाळा आला, ते नेमकं सांगा.

रागात कुणीतरी म्हणेल, "बंबात घालूया," नाहीतर "शिमग्याला होळीत टाकू." जाळायचं ते वेगळं बांधून सहा महिने ठेवा आणि मग ठरवा.

पुस्तक काढायचं मनात आलं तर पैसे मागणाऱ्या प्रकाशकाकडे धावू नका. पाचशे प्रती छापल्या की त्याच माळ्यावर जातात. पंचवीस-पन्नास पुरतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, भारतात सरकारकडून मोफत मिळतो. त्याचे वेगळे पैसे लावले तर कशाचे ते विचारा. प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणून कागद कुणाचे आणि हक्क कुणाचे, हे मृत्युपत्रात एका ओळीत लिहा. भाचरांची भांडणं वाचतात.

प्रती दोन घरांत ठेवा. २००५ आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर आला, तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही हजारो पुस्तकं गेली.

एखाद्याची झोप-जेवण दोन आठवडे उडालं, तर ट्रंक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे चला. "जगून काय उपयोग" असं तोंडी आलं, तर त्याच दिवशी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

झालेली गाठोडी सुती कापडात बांधा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते. वर नाव आणि साल लिहा आणि माजघरातल्या कपाटात हाताशी येईल अशी ठेवा. माळ्यावर परत नको, पहिल्या पावसात कौलं तिथेच गळतात.