कोर्टाची मालिका पाहताना वहीत काय टिपायचं

कोर्टाच्या मालिकेवर मत द्यायचं असेल तर वकिलाच्या शेवटच्या भाषणावरून देऊ नका. टाळ्यांचं भाषण कुणीही लिहितो. लेखकाला खटला कळलाय की नाही, ते उलटतपासणीत उघडं पडतं.

वहीत तीन रकाने आखा: साक्षीदार कोण, त्याला कुणी आणलं, आणि उलटतपासणीत त्याच्या तोंडून नेमकं काय निघालं. दोन-तीन भागांनंतरही तिसरा रकाना कोराच असेल, तर मालिका नुसत्या आवाजावर चाललीय.

पहिल्याच भागात अटकेची तारीख टिपा. खुनाच्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कमी शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत ६० दिवसांत. आरोपी चार महिने आत, तपास अजून चालूच आणि बचावाचा वकील जामिनाचं नावही काढत नाही, हे भोक पटकथेतलं.

आता साक्ष. आधी सरतपासणी (साक्षीदाराला आणणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न), मग उलटतपासणी (समोरच्या वकिलाचे), गरज पडली तर फेरतपासणी (पुन्हा पहिल्या वकिलाचे). सरकारी वकिलाने आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत ‘आरोपी सुरा घेऊन पळत होता ना?’ असं विचारलं, तर तो सूचक प्रश्न झाला, म्हणजे उत्तर प्रश्नातच दडलेलं. बचावाने तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी. उलटतपासणीत मात्र असेच प्रश्न चालतात, किंबहुना तेच हत्यार. छोटे प्रश्न, हो-नाहीत उत्तर. मुरलेला वकील तिथे ‘का?’ सहसा विचारत नाही, कारण साक्षीदाराला खुलाशाची संधी मिळते आणि केलेलं काम वाया जातं.

बारकाईने पाहायची जागा पुढे आहे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. बचावाला तो मुख्यतः विसंगती दाखवायला वापरता येतो: ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं.’ साक्षीदार ‘सांगितलं होतं’ म्हणाला, तर काम अर्धंच झालं. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आल्यावर त्याच्याकडून ‘जबाबात हे नव्हतं’ असं वदवून घ्यावं लागतं. हा दुसरा अर्धा भाग दाखवणारी मालिका दिसली, तर वहीत ठळक खूण करा.

कबुलीजबाबावर संशय ठेवा. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही; तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. म्हणून पंचनाम्याचा प्रसंग पुन्हा पाहा. पंच कोण, मुद्देमाल सील झाला का, प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला? मधल्या दिवसांचा हिशेब लागत नसेल, तर चांगला वकील तिथेच बोट ठेवतो.

प्रेक्षकांकडे वळून केलेली भाषणं ज्यूरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, खटल्यांतून आली आहेत. मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरीने खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने ते उलटवलं. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. ‘क्रिमिनल जस्टिस’ ही हिंदी मालिका (२०१९) ज्या ब्रिटिश मालिकेवर बेतली, तिथे ज्यूरी आहे. अशा रूपांतरात लेखकाने वकिलाला न्यायाधीशाशी बोलायला लावलंय की अजून बाकांशी, तेवढं तपासा.

न्यायाधीशाचा हातोडा, गीतेवर हात ही सजावट. आपल्याकडे दोन्हींची गरज नसते, पण त्यावर एका ओळीपेक्षा जास्त खर्च करू नका. कलम मात्र तपासा: गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर खुनाला भारतीय न्याय संहितेचं १०३, आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२, खटला कधी चालला याने फरक पडत नाही.

शेवटचा भाग संपला की तिसरा रकाना वाचा. निकाल त्या रकान्यात कुठेच नसलेल्या गोष्टीवर लागला असेल, म्हणजे ऐनवेळी दार ढकलून आत आलेल्या साक्षीदारावर, तर अभिप्रायाची पहिली ओळ तीच लिहा.