वाहणाऱ्या कानाचं ऑपरेशन: आधी काय ठरवायचं, नंतर काय सांभाळायचं

सर्दी झाली की कान फुटतो, थेंब टाकले की थांबतो, महिन्याभरात पुन्हा वाहतो. हे 3 महिन्यांहून जास्त चाललं असेल तर थेंबांच्या बाटल्या बदलत बसू नका. कानाच्या पडद्याला पडलेलं असं जुनं भोक आपोआप बुजणं अवघड असतं.

आधी आजाराचा प्रकार ओळखायचा. स्राव तारेसारखा चिकट, भरपूर, बिनवासाचा असेल तर बहुतेकदा नुसतं भोक असतं. थोडाच पण घाण वासाचा, मधूनच रक्ताळलेला असेल तर कोलेस्टीॲटोमाची शंका घ्यायची. यात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन पिशवी होते, तीत मेलेल्या कातडीचे पापुद्रे साठतात आणि ती भोवतालचं हाड खात जाते. दुखत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात, आणि तिथेच घात होतो: चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा अंतर्कर्ण, मेंदूचं आवरण, सगळं पातळ हाडापलीकडेच असतं. मायक्रोस्कोपखाली तपासणी आणि ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) दोन्ही प्रकारांत लागते. हाड खाल्लं गेल्याची शंका आली की एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन.

नुसत्या भोकाला टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे पडद्याला ठिगळ लावणं. शक्यतो कान 3-4 आठवडे कोरडा राहिल्यावरच करावी. कानाच्या वर, केसांखालच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढतात. ओलं असताना ते लिबलिबीत असतं, वाळलं की ट्रेसिंग पेपरसारखं ताठ होतं आणि मापाने कापता येतं. भोकाच्या कडा खरवडून ताज्या करतात आणि हे ठिगळ आतल्या बाजूने लावून जेलफोमचा (आपोआप विरघळणाऱ्या स्पंजचा) आधार देतात.

कोलेस्टीॲटोमाला मास्टॉइडेक्टॉमी. इथे कान कोरडा व्हायची वाट बघत महिने घालवू नयेत. कानामागचं हाड ड्रिलने कोरून पिशवी मुळासकट काढतात. पहिलं उद्दिष्ट जिवाचा धोका टाळणं, मग कान कोरडा करणं, ऐकू येणं त्यानंतर. आवाज आत पोहोचवणारं ऐरण हे हाडूक अनेकदा आधीच झिजलेलं असतं. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: कानाच्या बाहेरच्या नळीची मागची भिंत ठेवणार की काढणार? ठेवली तर आजार मागे उरलाय का हे बघायला साधारण 9 ते 12 महिन्यांनी दुसरं ऑपरेशन किंवा एमआरआय लागतो. काढली तर मोठी पोकळी राहते, ती वर्षातून एक-दोनदा साफ करून घ्यावी लागते आणि पोहणं जपूनच.

ठिगळ घरीही निसटू शकतं. पहिले 3 आठवडे नाक जोरात शिंकरू नका. घशाकडून कानात जाणाऱ्या नळीतून हवा घुसते आणि ठिगळ उचललं जातं. शिंक तोंड उघडं ठेवून द्या. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. टाके साधारण आठवड्याने निघतात. वजन उचलणं, विमानप्रवास डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. कोमट तेल, लसणाचं तेल, काडी यांतलं काहीही कानात जाता कामा नये, मग घरातलं कितीही मोठं माणूस सांगो.

कानात भरलेल्या पॅकिंगमुळे सुरुवातीला ऐकू कमी येतं, शिवाय ऑपरेशननंतर जिभेच्या एका बाजूची चव बदलू शकते, हे चालतं. तोंड वाकडं होणं, गरगरून उलट्या, ताप आणि डोकेदुखी, कानामागे वाढती सूज यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्रवणचाचणी 3 महिन्यांनी करा, आणि दुसरा कानही तेव्हाच दाखवून घ्या.